तळव्यावरचं बोट

१

लोणी देवकरच्या कारखान्यातली पहिली पाळी सुटली की हिंदुराव खोलीवर जात नसे. सायकलच्या कॅरिअरला टॉवेल बांधलेलाच असे. हमरस्ता ओलांडायचा, उसाच्या दोन फडांमधली गाडीवाट धरायची आणि धरणाच्या फुगवट्याच्या काठाला यायचं. तिथे बाभळीखाली गेणबा म्हशी सोडून बसलेला असे.

"आलं का जर्मनीचं पाव्हणं?" तो लांबूनच ओरडे. "बिगी उतरा. माझ्या म्हशी दुधाला खोळंबल्यात."

दोघांचं गाव याच पाण्याखाली गेलेलं. त्याला सतरा वर्षं झाली होती आणि त्याविषयी बोलायचंही आता संपलं होतं. गावाची एक रीत मात्र दोघांच्या अंगात मुरून राहिली होती. भीमेला पूल नव्हता तेव्हा पलीकडच्या तीरावर जायचं तर पोहून जावं लागे, डोक्यावर कपड्यांचं गाठोडं बांधून. एकट्याने कोणी जात नसे. दोघे जात. पुढच्याने धार बघायची, मागच्याने पुढच्याला बघायचं. मागच्याने अधूनमधून हात लांबवून पुढच्याच्या पायाच्या तळव्याला बोट लावायचं. म्हणजे, मी आहे. पुढच्याने पायाने दोनदा जोरात पाणी उडवायचं, म्हणजे, कळलं. मागे वळून मात्र बघायचं नाही. वळला की धार अंगावर येते आणि माणूस वाट चुकतो.

फुगवट्याच्या पाण्याला कसली आलीय धार! तरी हिंदुराव पुढे आणि गेणबा मागे, हे ठरलेलं होतं. हिंदुराव जन्मात कधी एकटा पाण्यात उतरला नव्हता. एरवी तो भित्रा नव्हता. कारखान्यात फिटर होता, उंच शिडीवर बिनधास्त चढे. पण पाण्यात तळव्याला बोट लागलं नाही तर त्याचा श्वास वर वर येऊ लागे.

बाभळीपासून निघून काठाकाठाने इंजिनघरापर्यंत पोहायचं, असा त्यांचा रोजचा रस्ता होता. वाटेत बोट लागे. हिंदुराव दोन लाथा हाणी आणि पुढे सरके.

एके दिवशी, वैशाखात, तो इंजिनघराच्या पायऱ्यांवर हात टेकून वर आला तेव्हा गेणबा पायरीवर बसून विडी ओढत होता. धोतर नेसलेलं, शेजारी गाठोडं. त्यात नवल नव्हतं. गाठोडं डोक्यावर असलं की कपडे आणि केस कोरडेच राहतात. पण विडी अर्धी जळून गेली होती.

हिंदुरावाला शेवटचं बोट लागलं होतं ते अगदी पायऱ्यांच्या जवळ. त्यानंतर त्याने जेमतेम चार हात मारले असतील.

"कवा आलास?" त्याने विचारलं.

"तुझं आपलं बैलगाडीवानी चाललंय," गेणबा म्हणाला. "तुझ्या पाठीमागं पोहायचं म्हंजी झोपच लागती."

हिंदुराव हसला. गेणबा लहानपणापासून पाण्यात त्याच्यापेक्षा चपळ. बाजूने सटकून पुढे आला असेल. त्याने टॉवेलने अंग पुसलं. उजव्या तळव्यावर, बोट लागलं होतं तेवढी जागा, अजून गार होती.

२

जर्मनीचं प्रकरण असं झालं होतं. कारखान्यात नवीन यंत्र बसवायला तिकडचा एक इंजिनिअर आला होता. रविवारी बारामतीला सायकलवर जाऊन त्याच पावली परत येणारा हा शेचाळीस वर्षांचा फिटर त्याने पाहिला, मग त्याला पोहताना पाहिलं. त्यांच्याकडे एक शर्यत असते, म्हणाला. तळ्यात पावणेचार किलोमीटर पोहायचं, लगेच एकशे ऐंशी किलोमीटर सायकल मारायची आणि त्यावर बेचाळीस किलोमीटर पळायचं. सगळं एकाच दिवशी. जिंकायचं नाही, नुसतं पुरं करायचं. कारखान्याच्या साहेबांनी ते उचलून धरलं, तिकीट काढून दिलं.

हिंदुरावाला ते 'पुरं करायचं' फार आवडलं. त्याचं शिक्षण अर्ध्यावर सुटलं होतं, गाव अर्ध्या आयुष्यात बुडालं होतं, घर असं एक राहिलंच नव्हतं. मुलगा बारामतीला नोकरीला, बायको भागूबाई नातवाला सांभाळायला त्याच्याकडे, आणि हा लोणीला एका खोलीत. भांडण कुणाचंच नव्हतं. जो तो आपापल्या जागी होता, एवढंच. एक गोष्ट अशी असावी की आपण सुरू केली आणि आपणच शेवटाला नेली, असं त्याला वाटे.

निघायच्या आधी तो बारामतीला गेला. भागूबाईने कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधली.

"पोहायचं, मग सायकल, मग पळायचं," ती म्हणाली. "आन् मागं कोण लागलंय?"

"कोण लागणार?"

"कुणी मागं लागल्याबिगर माणूस येवढं पळतं व्हय?" नातू हसला म्हणून तीही हसली. मग फडक्याची गाठ पुन्हा सोडून पुन्हा बांधत तिने विचारलं, "गेणबा भावजी येनार न्हाईत?"

"त्येला कोण नेतंय? त्याच्या म्हशी कोण बघंल?"

"मग तितं पान्यात मागं कोण?"

"कोण न्हाय."

नातवाला न्हाऊ घालायचं होतं म्हणून भागूबाई उठली. मोरीतून तिचा आवाज आला, "काठाकाठानं पोहा म्हंजी झालं."

३

इंजिनिअर विमानतळावर घ्यायला आला होता. तळ्याकाठच्या एका गावात, एका म्हाताऱ्या बाईच्या घरात वरची खोली त्याने ठरवली होती. शर्यतीसाठी स्वतःची सायकल त्याने हिंदुरावाला दिली, आणि पाणी गार होतं म्हणून रबरी पोहण्याचा पोशाखही. त्याला मात्र दुसऱ्या गावी कामावर जायचं होतं. शर्यतीच्या संध्याकाळी न्यायला येतो, असं सांगून तो गेला.

खोलीचं छत तिरकं होतं. एका बाजूला उभं राहता येई, दुसऱ्या बाजूला वाकावं लागे. पांढरी रजाई, लाकडी खुर्ची, छतातच बसवलेली एक खिडकी. खिडकीतून नुसतं आभाळ दिसे. घरात आवाज नव्हता. रस्त्यावर आवाज नव्हता. हिंदुरावाने खुर्ची मुद्दाम थोडी सरकवली. लाकूड करकरलं तेव्हा जरा बरं वाटलं. त्या दिवसभरात आपण एकूण किती शब्द बोललो ते त्याने आठवून पाहिलं. "थँक्यू", तेही दोनदा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो तळ्यावर गेला. ऊन होतं. पाणी काळसर हिरवं, गवताच्या काठापर्यंत गच्च भरलेलं. लांब दोन-तीन जण पोहत होते, त्यांच्या टोप्या ठिपक्यांसारख्या दिसत होत्या. हिंदुराव कमरेइतक्या पाण्यात बराच वेळ उभा राहिला. मग स्वतःशीच "चला" म्हणाला आणि तोंड पाण्यात घातलं.

रबरी पोशाखामुळे अंग आपोआप तरंगत होतं. फक्त पावलं उघडी होती. काठ डाव्या हाताला ठेवून तो पोहत राहिला. श्वास अजून वर आला नव्हता. हे जमेल, असं त्याला वाटलं.

तळव्याला बोट लागलं.

त्याने दोन लाथा हाणल्या आणि तसाच पुढे गेला. पाच-सहा हात मारून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं.

इंजिनिअरने सांगितलं होतं की शर्यतवाले एकमेकांच्या पाठोपाठ पोहतात. पुढच्याने फोडलेल्या पाण्यात मागच्याला कमी कष्ट पडतात आणि कधी हात पायाला लागतो. तसाच कोणी असेल. सरावच करत असेल बिचारा. हिंदुराव पोहत राहिला. पुन्हा बोट लागलं, त्याच तळव्याला, त्याच जागी. पाण्यापेक्षा गार.

या वेळी त्याने लाथा हाणल्या नाहीत. तो थांबला, पाण्यात उभा राहिला आणि त्याने मागे वळून पाहिलं.

पाणी रिकामं होतं. त्याने फोडलेल्या पाण्याचा पट्टा काठापर्यंत सरळ दिसत होता. त्या पट्ट्याच्या मधोमध, त्याच्यापासून हातभर अंतरावर, पाणी हळूहळू मिटत होतं. कोणी नुकतंच खाली गेल्यावर मिटतं तसं.

मासा असेल. मोठे मासे असतात तळ्यात. तो काठाला आला आणि गवतावर बसून तळवे चोळत राहिला.

घरी पोहोचला तेव्हा म्हातारी दारात उभी होती. त्याचं ओलं डोकं बघून ती काहीतरी म्हणाली, आत गेली आणि टॉवेल घेऊन आली. दोन टॉवेल. एक त्याच्या हातात दिला. दुसरा हातावर टाकून ती तशीच उभी राहिली, त्याच्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत.

एक डोक्याला, एक अंगाला, अशी इकडची पद्धत असेल. हिंदुरावाने दुसराही टॉवेल घेतला आणि जिना चढला.

४

पोस्टाच्या बाहेर काचेची फोनची पेटी होती. लोणीच्या बूथचा नंबर त्याच्याकडे होता. पहिल्यांदा लावून त्याने गेणबाला बोलवायला सांगितलं. मग पेटीतच उभा राहिला. त्याच्या मनात एकच गोष्ट होती, ती तो शब्दांत येऊ देत नव्हता. बोट गेणबाच्यासारखंच होतं. गेणबाला काही झालं नाही ना?

थोड्या वेळाने त्याने पुन्हा नंबर फिरवला.

"बोल रं!" गेणबाचा आवाज एवढा मोठा आला की हिंदुरावाने फोन कानापासून लांब धरला. "समदी गोळा झाल्यात हितं. इचारत्यात, मडमा बघितल्या का?"

हिंदुरावाला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. "बरा हायस न्हवं?"

"मला काय धाड भरलीय? तू बोल. पानी कसं हाय?"

"गार हाय. गेणबा, एक इचारायचं हुतं. तू मागनं बोट लावायचास ना..."

मग गेणबाचा आवाज खाली आला. बूथमधल्या लोकांकडे पाठ केली असावी. "तुला कुनी सांगितलं?"

"काय?"

"आरं, वाईट वाटून घिऊ नगंस. मी व्हळीपसनं पान्यात न्हवतो. कान वाहत हुता, डागदरनं पानी बंद सांगितलं. तुला म्हनलो आस्तो तर तू एकटा उतरला आस्तास व्हय? म्हनून गुडघाभर पान्यात यायचो, हात आपटायचो, आन् तुझं डोस्कं पान्यात गेलं का माघारी. गठुडं घिऊन काठानं इंजिनघराला."

हिंदुराव काचेतून रस्त्याकडे बघत होता. एक बाई कुत्रं घेऊन चालली होती.

"पर बोट लागायचं," तो म्हणाला.

"कसलं बोट? तू आपला सवयीनं लाथा हानायचास. मला काठावनं दिसायचं की. मी हसायचो, म्हनलं, बघा आमचा गडी, कुनी न्हाय तरी जबाब देतोय."

"मागं कुनी दिसायचं?"

बूथमध्ये मागे कोणी तरी खोकलं.

"त्या वक्ताला ऊन पान्यावर आसतं, हिंदुराव," गेणबा अखेर म्हणाला. "डोळं दिपत्यात. नीट बघत न्हवतो मी." आणि मग घाईघाईने, "तू तितं जबाब देऊ नगंस. ऐकलं का? काय बी झालं तरी..."

पैसे संपले आणि फोन तुटला.

५

शर्यतीच्या आदल्या दिवशी तो खोलीतच होता. छतातल्या खिडकीतून उजेड रजाईवर पडला होता. तो पलंगावर मांडी घालून बसला, दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून.

त्याने विचार केला. फिटरच्या कामात आवाज कुठून येतो ते शोधायचं असलं की एकेक भाग बंद करून बघतात. तसं त्याने केलं. माणसाला सवय लागते. वर्षानुवर्षं एका जागी बोट लागलं की कातडी ते लक्षात ठेवते आणि नसलं तरी लागल्यासारखं वाटतं. हात तुटलेल्या माणसाची बोटं दुखतात, असं त्याने ऐकलं होतं. त्याने स्वतःचं बोट उजव्या तळव्याला लावून बघितलं. ते उबदार लागलं. वेगळं लागलं. पुन्हा लावलं. पुन्हा वेगळं.

बरं, सवय म्हणावी तर होळीच्या आधीचं बोट आणि नंतरचं बोट यात फरक का होता? आता आठवलं की फरक होता. गेणबाचं बोट खरबरीत. ते लागलं की गुदगुल्या होत. नंतरचं बोट नुसतं टेकायचं. टेकून जरा थांबायचं, विचारल्यासारखं.

खालून म्हातारीने हाक मारली. टेबलावर जेवण मांडलं होतं. दोन ताटल्या, दोन पेले. हिंदुराव एका ताटलीसमोर बसला. म्हातारी दुसऱ्या ताटलीसमोर बसली नाही. खिडकीपाशी जाऊन तिने पडदा नीट केला, त्याच्या शेजारची खुर्ची थोडी मागे ओढली, माणसाला बसता येईल इतकी, आणि स्वयंपाकघरात गेली. हिंदुरावाला विचारायचं होतं. विचारायला शब्द नव्हते. त्याने मान खाली घालून जेवण संपवलं आणि त्या खुर्चीकडे एकदाही बघितलं नाही.

वर येऊन त्याने पिशवी भरायला घेतली. तिकीट होतं. आजारी पडलो म्हणून सांगता आलं असतं, साहेब काही बोलले नसते. कपडे अर्धे भरून झाल्यावर तो थांबला. परत जायचं म्हणजे कुठे? ते बोट लोणीलाही होतंच. इथून पळून गेलं तर पुढे जन्मभर पाण्याकडे पाठ करून राहावं लागणार होतं. आणि ही गोष्टही अर्ध्यावर सुटलेल्या गोष्टींत जाऊन पडणार होती.

त्याने पिशवी पुन्हा रिकामी केली. जबाब द्यायचा नाही, बस. जबाब मिळाला नाही की विचारणारा कंटाळतो.

६

सकाळी तळ्याच्या काठावर माणसंच माणसं होती. काळे रबरी पोशाख, रंगीत टोप्या, एकमेकांच्या पाठीवर थापा. बायका आपल्या नवऱ्यांच्या पोशाखाची मागची चेन लावून देत होत्या. हिंदुरावाची चेन एका अनोळखी माणसाने लावून दिली आणि तो गर्दीत निघून गेला.

बार झाला. सगळे एकदम पाण्यात. मग हातांचा, पायांचा नुसता कल्लोळ झाला. हिंदुरावाच्या पायांना किती हात लागले ते त्यालाच कळलं नाही. सगळे माणसांचे होते. तो मनात हसला. एवढ्या गर्दीत कोण कुणाला शोधणार?

पण तो सावकाश पोहणारा होता. हळूहळू टोप्या पुढे गेल्या, हात-पाय पुढे गेले, फेसही विरला. लांबवर पुढे माणसं होती. उरलेले चार-दोन फार मागे असावेत. मागे बघायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. दूरची झाडं उजवीकडून दिसत, मग पाणी, मग पुन्हा झाडं.

मध्यावर बोट लागलं. हिंदुरावाने पाय सरळ ठेवले.

पुन्हा लागलं. टेकलं आणि जरा थांबलं. त्याने दात आवळले आणि हात मारत राहिला. जबाब नाही. जबाब नाही.

तिसऱ्यांदा लागलं, ते अगदी हलकं. गेलं तेव्हा कळलंही नाही.

त्यानंतर काही नाही. तो पोहत राहिला. जिंकलो, असं त्याला वाटायला हवं होतं. थोडा वेळ वाटलंही. मग त्याला खालचं पाणी दिसू लागलं. हिरवं, त्याखाली काळं आणि त्याखाली काहीच नाही. वर आभाळ, तेही रिकामं. आपल्या हातांचा आवाज, आपल्या श्वासाचा आवाज. श्वास वर वर येऊ लागला. जगात एकही माणूस नव्हता ज्याला ठाऊक होतं की हिंदुराव या घडीला पाण्यात कुठे आहे. भागूबाईला नाही, गेणबाला नाही. तो इथेच थांबला असता तर पाणी मिटलं असतं आणि संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पुढे जायला हात उचलत नव्हता. छातीत पाणी शिरल्यासारखं झालं. तोंडातून आवाज निघाला, तो त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

आणि मग, कोणी विचारलं नसताना, हिंदुरावाने पायाने दोनदा पाणी उडवलं.

थोडा वेळ तसाच गेला. मग तळव्याला लागलं. या वेळी ते बोट नव्हतं. अख्खा हात होता, पाची बोटं पावलाभोवती मिटलेली, घट्ट नाही, हलकी. आजारी माणसाचं पाऊल धरून बसावं तशी.

हिंदुरावाचा श्वास खाली आला. हात चालू लागले.

किनाऱ्याला लाकडी उतार होता, त्यावर हिरवी सतरंजी. उताराच्या टोकाला पिवळा सदरा घातलेली एक तरुण पोरगी पाण्यात घोट्यापर्यंत उभी होती. येणाऱ्या प्रत्येकाला हात देऊन वर ओढायची, हसून एक शब्द बोलायची. हिंदुरावाला तिने हात दिला, ओढलं, हसली, तो शब्द बोलली. तिचा हात उबदार होता. तो एक पाऊल वर चढला, तिच्या बरोबरीला आला. बाजूला उभे असलेले लोक टाळ्या वाजवत होते.

पोरगी पुन्हा वाकली. हिंदुरावाला फक्त तीच दिसत होती. त्याच्या मागच्या पाण्याकडे लांब गेलेला तिचा हात, ताणलेलं कोपर, ओझ्याने खाली गेलेला खांदा. तिने पाय रोवला, ओढलं आणि हसून तोच शब्द बोलली.

हिंदुरावाने मागे पाहिलं नाही. पोशाखाची चेन ओढत तो सायकलींच्या दिशेने पळू लागला. वळणावर त्याला ती एकदा दिसली. ती उभीच होती. आता हसत नव्हती. आपल्या हाताचा तळवा सदऱ्याला पुसत होती, आणि पुन्हा पुसत होती.